पंधरा मिनिटांचा चहा

१४ जानेवारी, मंगळवार

एक एप्रिलपासून म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन जेवण-गोळ्या देणाऱ्या आमच्या संध्याकाळच्या फेरीतल्या चौदा जागांच्या अकरा होणार. जिल्हा कार्यालयातून एड्रियन मस्ग्रेव्हने सकाळी अकरा चाळीसला फोनवर पक्कं सांगितलं. ख्रिसमसच्या आधी हे 'विचाराधीन' होतं, नव्या वर्षात 'प्रस्तावित' झालं, आज नुसतं 'होणार' झालं.

"तुमच्याच आकड्यांमुळे हे शक्य झालं, जॅनिस," तो म्हणाला. "नव्वद टक्के भेटी नेमलेल्या वेळेत! जिल्ह्यात असं दुसरं पथक नाही. तुमच्याकडे चक्क वेळ उरतोय."

मी आभार मानले. फोन ठेवल्यावर वाटलं, कशाबद्दल मानले?

कोणत्या तीन जागा जाणार ते मी फेब्रुवारीअखेर सुचवायचं आहे. आकड्यांवरून ठरवायचं, माणसांवरून नाही, असं त्याने दोनदा बजावलं.

दुपारी गाडीतच सँडविच खाल्लं. समुद्रावरून आडवा पाऊस येत होता. सँडविच कशाचं होतं आठवत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

सगळ्यांना दोन वाजता ऑफिसात बोलावलं. खुर्च्या नऊ आणि बायका तेरा, त्यामुळे चौघी रेडिएटरला टेकून उभ्या राहिल्या. पॉलिन उशिरा आली. तिची बस नेहमीच चुकते.

मी कागद वाचून दाखवला. मग बेव्ह बोलली. ती वेळापत्रकाचं काम माझ्याबरोबर पाहते आणि आठवड्यातून तीन दिवस फेरीवरही जाते.

"म्हणजे काम चांगलं केलं म्हणून कमी करतायत आम्हाला?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

"भेटी वेळेत संपतात. म्हणजे तेवढ्याच भेटी कमी माणसांत होतील, असा त्यांचा हिशेब आहे."

"वा! उद्या आम्ही एका पायावर उभं राहून दाखवलं तर दुसरा पाय काढून नेतील."

सगळ्या हसल्या. लोर्ना हसली नाही. ती सर्वांत जुनी, बावीस वर्षं झाली तिला. टेकडीवरची अकरा घरं तिच्याकडे आहेत. मफलर बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "जॅनिसला हिरवं हवं होतं. घे बाई, दिलं हिरवंगार."

त्यावर मात्र कुणी हसलं नाही. सगळ्या आपापल्या बुटांकडे बघत राहिल्या. बातमीचा धक्का असावा.

हिरवं म्हणजे माझ्या पडद्यावरचं. सप्टेंबरपासून प्रत्येक घरात दाराच्या आतल्या बाजूला एक पांढरी चकती बसवली आहे. मदतनीस आत आली की फोन चकतीला टेकवते, निघताना पुन्हा टेकवते. ठरलेल्या वेळेत भेट संपली तर माझ्याकडे हिरवी पट्टी, लांबली तर लाल. प्रत्येक लाल पट्टीचं कारण मी शुक्रवारपर्यंत लिहून पाठवायचं. सुरुवातीला सगळा पडदा लाल होता आणि माझे शुक्रवार त्यातच जायचे. दोन आठवड्यांत बायकांना सवय झाली. माणसं बदल शिकतात. वेळ द्यावा लागतो, एवढंच.

१९ जानेवारी, रविवार

हेदरचा फोन. विचारलं, कशी आहेस. ठीक आहे म्हटलं. "डेनिस गेल्यापासून तू दर रविवारी ठीक आहेस," ती म्हणाली. बहीण असली की असं बोलतात. मी विषय बदलला. माझ्या नवऱ्याला, डेनिसला, जाऊन दोन वर्षं झाली. मी पाचव्या दिवशी कामावर हजर होते, हे ऑफिसात अजून कौतुकाने सांगतात.

२१ जानेवारी, मंगळवार

लोर्नाच्या दाढेचं दुखणं, बाकीच्या गुंतलेल्या. मीच तिच्या फेरीतली तीन घरं केली. कित्येक महिन्यांनी प्रत्यक्ष कुणाच्या घरात गेले.

शेवटचं घर विल्फ फिअरन यांचं. वय एक्क्याऐंशी, गोदीत वेल्डर होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाच वाजायच्या सुमाराचा त्यांचा 'चहा', म्हणजे दिवसाचं शेवटचं जेवण, आमच्याकडे आहे. कागदावर पंधरा मिनिटं: जेवण गरम करून पुढ्यात ठेवणे, गोळ्यांची आठवण करणे. ही वेळ ठरवणारी तपासणी बायको होती तेव्हाची आहे. भरवायची ती. ती मे महिन्यात गेली. नव्या तपासणीसाठी त्यांचं नाव यादीत आहे. यादी सात महिन्यांची आहे.

त्यांना घास नीट गिळता येत नाही. सूपसुद्धा पावडर घालून घट्ट करावं लागतं. एक चमचा, मग थांबायचं, गळा खाली-वर झालेला बघायचा, मग दुसरा. मला एकेचाळीस मिनिटं लागली. हाताची सवय गेली आहे. लोर्ना हेच पंधरात करते.

मध्येच ते दाराकडे बघायला लागले.

"पोरी, दार केलं नाहीस?"

"बंद आहे, विल्फ."

"बंद नाही गं. दार करायचं. ती करते ना रोज. सूप अर्ध्यावर आलं की उठते, दार करते, परत येऊन बसते."

"कुलूप लावून बघते का?"

"मला काय ठाऊक? मी म्हटलं, व्यायाम असेल तुमचा." मग हसले, आणि हसताना ठसका लागला. मी घाबरले, पण लगेच थांबला.

दारापाशी जाऊन कुलूप दोनदा उघडून लावून दाखवलं. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. घरच्या वहीत नोंद केली: "दाराची काळजी करतात. कुलूप तपासून घ्यावे." या वयात असे भास सुरू होतात.

माझी भेट लाल पडली. कारणात लिहिलं: व्यवस्थापक, सराव नाही.

२९ जानेवारी, बुधवार

दिवसभर आकडे. कुठल्या फेऱ्या एकमेकींत मिसळता येतील ते पाहिलं. लोर्नाची सर्वांत सोपी निघाली. अकरा घरं, बहुतेक पंधरा मिनिटांची, चार महिन्यांत फक्त सहा लाल. शेजारच्या फेरीत सहज बसते. दुसरी यादीत पॉलिन, कारण तिच्या सगळ्या भेटी लाल असतात. तिसरी जागा रिकामीच आहे, त्यामुळे ती कुणाला लागणार नाही.

सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट, दोघी एकाच यादीत. गंमत आहे असं वाटायला हवं होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

लोर्नाला अडीचला बोलावलं. तिने कोट काढला नाही.

मी सांगितलं. तिने मान हलवली, जणू बसचं वेळापत्रक ऐकत होती.

"बावीस वर्षं," ती म्हणाली.

"माहीत आहे गं."

"डेनिसच्या शेवटच्या दिवसांत तुझ्या घरी कोण यायचं?"

"तू."

"किती वेळ थांबायचे मी?"

"आठवत नाही."

"मलाही नाही. तेव्हा कुणी मोजत नव्हतं."

मी तिला अपिलाचा कागद दिला. अठ्ठावीस तारखेपर्यंत लेखी कारण द्यायचं असतं.

"काय लिहू यात? खोटं लिहिलं तर एप्रिलात जाईन. खरं लिहिलं तर त्याच दिवशी हाकलतील, आणि एकटीला नाही."

"म्हणजे?"

"अगं, तुला खरंच माहीत नाही? की माहीत करून घ्यायचं नाही?"

तेवढ्यात पॉलिन दारात आली, पहिल्यांदाच वेळेवर. लोर्ना कागदाची घडी करून उठली. तिला काय म्हणायचं होतं ते मी विचारायला हवं होतं. पण पावणेतीनची वेळ पॉलिनला दिलेली होती.

१० फेब्रुवारी, सोमवार

आजपासून दोन आठवडे चाचणी. लोर्नाची अकरा घरं शेजारच्या फेरीत. लोर्ना बदली म्हणून खाली गावात. विल्फ फिअरन शॅननकडे. चोवीस वर्षांची, नीटनेटकी, कागदावर लिहिलेलं असतं ते सगळं करते. पहिल्या दिवशी अकराही हिरवी. एड्रियनला कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

विल्फ फिअरन इस्पितळात. शॅनन पाच वाजता निघाली. साडेपाचला शेजारीण डबा परत द्यायला गेली तेव्हा ते खुर्चीत वाकडे झाले होते, ओठ निळे, सूप अंगावर. घास श्वासनलिकेत गेला. जिवंत आहेत, छातीत संसर्ग आहे.

शॅनन ऑफिसात येऊन रडली. "कागदावर होतं तेवढं सगळं केलं मी. गरम केलं, पुढ्यात ठेवलं, गोळ्या दिल्या. ते म्हणाले, 'दार कर आणि ये.' मी म्हटलं, हो, दार लावून घेते. आणि गेले."

"तुझी काही चूक नाही," मी म्हटलं. तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवला आहे हे दिसत होतं, जाणवत नव्हतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अशी घटना घडली की घरची वही ताब्यात घ्यायची असते. विल्फ यांच्या घरी गेले. भांड्यात सूप वाळलेलं. धुऊन ठेवलं. मग टेबलापाशी बसून वही उघडली.

घरच्या वह्या जुन्या पद्धतीच्या. मदतनीस आली की आल्या-गेल्याची वेळ आणि काय केलं ते हाताने लिहिते, म्हणजे पुढचीला कळतं. चकत्या आल्यापासून या वह्या ऑफिसात कुणी वाचत नाही. भरल्या की कपाटात जातात. बंद करा असंही कुणी सांगितलं नाही, म्हणून बायका लिहीत राहिल्या.

लोर्नाचं अक्षर:

"आत ४.४५. सूप, बटाटा कुस्करून. गोळ्या घेतल्या. दार ५.००. बाहेर ५.३२."

पुढच्या दिवशी: "आत ४.४५. दार ५.००. बाहेर ५.३०. आज सगळं संपवलं."

सप्टेंबरच्या शेवटापासून प्रत्येक पानावर दार ५.००.

मी ते दोनदा वाचलं, मग उठून चकतीपाशी गेले आणि फोन तिच्याजवळ धरून उभी राहिले. खुर्चीपासून दारापर्यंत सात पावलं. चमचा खाली ठेवायचा, सात पावलं जायचं, फोन टेकवायचा, सात पावलं परत. माझ्या पडद्यावर भेट संपली, हिरवी झाली. आणि इथे अजून अर्धं सूप बाकी.

एकवीस जानेवारीच्या पानावर माझी नोंद होती, कुलुपाची. तिच्याखाली लोर्नाने बारीक अक्षरात लिहिलं होतं: "कुलूप ठीक आहे."

१७ फेब्रुवारी, सोमवार

शनिवार-रविवार ऑफिसात होते. कपाटातल्या चव्वेचाळीस वह्या काढल्या. बहुतेकांत 'दार'. काही जणी नुसतं 'दा.' लिहितात. दर संध्याकाळची दारानंतरची मिनिटं मांडली. जमेस धरली तर चौदा जागाही पुरत नाहीत, सोळा लागतील.

बेव्हला आत घेऊन दार लावलं.

"सगळ्याच करतात?"

"पॉलिन आणि शॅनन सोडून. शॅनन नंतर आली, तिला कुणी सांगितलंच नाही. पॉलिनला बस पकडायची असते, एकदा दारापर्यंत गेली की परत कुठली येणार ती, म्हणून काम संपल्यावरच फोन टेकवते."

"पॉलिनच्या भेटी लाल असतात."

"हो ना. एकटीच खरं बोलते बिचारी, तीही आळसापायी."

"बेव्ह, हे कुणी सुरू केलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. सात महिन्यांपूर्वी तिने सिगारेट सोडली आहे. तरी हात खिशाकडे गेला. "तू."

"मी असं कधीही सांगितलेलं नाही."

"सप्टेंबरची बैठक. लोर्नाने विचारलं, फिअरनना पंधरा मिनिटांत कसं भरवायचं? तू म्हणालीस, 'चकतीला वेळेत फोन लावा, पुढे काय करता ते मला विचारू नका. मला फक्त हिरवं दिसू दे.' अगदी हेच शब्द. आम्हाला वाटलं, वा, जॅनिसने वाट काढून दिली. त्या दिवशी आम्ही तुझ्या नावाने एकेक ग्लास घेतला, बाई."

मला ते वाक्य आठवलं. मी ते वैतागून बोलले होते. त्या शुक्रवारी माझ्यापुढे तीनशे लाल पट्ट्या होत्या. वाट वगैरे काही नव्हती.

"मग तीन जागा जाणार म्हटल्यावर तरी सांगायचं."

"काय सांगायचं? नोंदी खोट्या आहेत? लगेच घरी, आणि पुन्हा कुठे कुणी कामावर घेणार नाही. आम्ही म्हटलं, जॅनिसला माहीतच आहे. ती बघेल काहीतरी."

त्यानंतर आम्ही दोघी उद्याचं वेळापत्रक लावत बसलो. ते लावावंच लागतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

एड्रियनला भेटले. वह्यांतल्या वेळा लिहून नेल्या होत्या.

"म्हणजे तुमचे आकडे चुकीचे आहेत?"

"आकडे बरोबर आहेत. त्या वेळेला त्या दारापर्यंत गेल्या होत्या. मग परत आल्या."

"बिनपगारी?"

"हो."

तो खुर्चीत मागे टेकला. वाईट माणूस नाही. त्याच्या वरतीही कुणीतरी आहे. "जॅनिस, हे कागदावर आलं तर अख्ख्या पथकाने नोंदीत फेरफार केला असं होतं. मला चौकशी लावावी लागेल. कागदावर नाही आलं तर तीन जागा जातात, त्यातली एक रिकामीच. तुम्ही अनुभवी आहात. सोमवारपर्यंत विचार करा."

"चाचणीत एक माणूस मरता मरता वाचलाय."

"त्या मुलीने ठरलेलं काम पूर्ण केलं होतं ना?"

"केलं होतं."

"मग?"

मला राग यायला हवा होता. मी तिथेच बसून वाट पाहिली. आला नाही. आभार मानून निघाले.

येताना इस्पितळात डोकावले. विल्फ झोपले होते. लोर्ना शेजारी बसली होती, कोट घालूनच. तिने दुसरी खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली.

२३ फेब्रुवारी, रविवार

हेदरचा फोन. कशी आहेस. म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, येऊ का? मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात ये.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आठ वाजता पत्र पाठवलं. एड्रियनला, त्याच्या वरच्यांना, आणि एचआरला. दोन पानं. सप्टेंबरच्या बैठकीतलं माझं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि त्याखाली: ही सूचना माझी होती, पथकाने ती पाळली. वेळांचा तक्ता जोडला. लोर्ना आणि पॉलिनची नावं मी सुचवली होती, ती मागे घेतली.

नऊ वाजता सगळ्यांना फोनवर एकच निरोप: आजपासून खरंच निघाल तेव्हाच चकतीला फोन लावा. कुणीही दार करू नका.

बेव्हने लगेच फोन केला. "वेडी झालीस का? तुला काढतील."

"काढतील बहुतेक."

"मग हे कशाला?"

मी म्हटलं, "दर शुक्रवारी कारणं लिहायचे ना मी? हे एकदाच लिहिलं."

"पॉलिन विचारतेय, आता तिने काय वेगळं करायचं?"

"काही नाही. तिला म्हणावं, तुझं चालू दे."

संध्याकाळी सहापर्यंत पडदा लाल झाला. चाळीस टक्केसुद्धा हिरवं नव्हतं. मी ते बघत बसले. साडेसहाला दुपारचं राहिलेलं सँडविच खाल्लं. चीजचं होतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

उद्या सकाळी दहाला चौकशीची पहिली बैठक आहे. एचआरच्या बाईंनी दुपारी चारच्या सुमाराला लेखी कळवलं. चौकशी संपेपर्यंत मी ऑफिसात यायचं नाही, पथकाशी कामाबद्दल बोलायचं नाही. कामगार संघटनेचा माणूस बरोबर आणता येईल. तो म्हणतो, माझं निलंबन होईल असं धरून चला. बायकांना बहुधा लेखी समज देऊन सोडतील, कारण सूचना वरून होती हे आता कागदावर आहे. बहुधा. हा शब्द त्याने तीनदा वापरला. तीन जागांचा निर्णय नव्याने वेळा मोजून होईपर्यंत थांबवला आहे, असं एड्रियनने बेव्हला सांगितलं. लेखी अजून काही नाही. लोर्नाने अपील भरलं. या वेळी काय लिहायचं ते तिला विचारावं लागलं नाही.

विल्फ यांचा ताप उतरला. शुक्रवारी त्यांना घरी सोडायचं की वृद्धाश्रमात, ते ठरेल. ते घरीच म्हणतायत, आणि नर्सला म्हणाले, वृद्धाश्रमात न्यायचं असेल तर वेल्डिंग करून खुर्चीला चिकटवून घेईन. इस्पितळातली सामाजिक कार्यकर्ती शुक्रवारी दोन वाजता आमच्या ऑफिसात फोन करणार आहे. ती एवढंच विचारणार: संध्याकाळच्या जेवणाला किती वेळ देऊ शकता? पंधरा म्हटलं तर ती त्यांना घरी पाठवणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

त्या वेळी टेबलापाशी मी नसेन. फोन बेव्ह उचलेल. तिच्याशी बोलायचं नाही असं पत्रात आहे, पण पत्र चारला आलं आणि मी तिला साडेतीनला सांगून ठेवलं होतं: पंचेचाळीस सांग. कुणाच्या परवानगीने असं विचारलं तर माझं नाव दे. शुक्रवारी दोन वाजेपर्यंत ते नाव चालेल असं वाटतं.